खुलासा छापला, बातमी राहिली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पत्रकारितेत एम. ए. केलंत. एका दैनिकानं तुम्हाला तुमच्याच तालुक्याची प्रतिनिधी म्हणून विचारलंय. मानधन महिना तीन हजार, जाहिरातीवर १५ टक्के कमिशन, आणि दिवाळी, वर्धापनदिन, २६ जानेवारी अशा तीन पुरवण्या मिळून दीड लाखाचं टार्गेट. परीक्षेत वस्तुनिष्ठतेवर तुम्ही पानभर उत्तर लिहिलं होतं. आता विचारताय, धंद्याच्या या रेट्यात ती टिकते का, आणि हे काम घ्यावं का.

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो. पहिल्याआधी मी कोण ते सांगायला हवं, कारण या विषयावर बोलणारा इतकी वर्षं कुणाच्या पगारावर जेवला हे कळल्याशिवाय त्याचं ऐकू नये. १९९१ साली मी तालुका वार्ताहर झालो. बातम्यांचं पाकीट संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं, जिल्ह्याच्या स्टँडवर ऑफिसचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. पुढे डेस्कवर उपसंपादक झालो, मग एका जिल्हा आवृत्तीचा प्रमुख. ३१ वर्षांत मी जाहिराती आणल्या, जाहिरातींसाठी बातम्या अडवल्या, आणि काही वेळा बातमीपायी जाहिरात घालवली. ही शेवटची यादी लांब नाही.

दबाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मालकाचा फोन येत असेल. ‘ती बातमी काढून टाका’ वगैरे. असा फोन मला नोकरीत मोजून दोनदा आला. रोजचा दबाव कसा येतो ते एका प्रसंगातून सांगतो.

गळीत हंगाम होता. आमच्या वार्ताहरानं एका साखर कारखान्याच्या थकलेल्या एफआरपीची, म्हणजे उसाला द्यायच्या किमान दराची, बातमी आणली. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. थकबाकी फार झाली की साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात, ज्याला सगळे आरआरसी म्हणतात, आणि मग जिल्हाधिकाऱ्यानं जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची. आमच्या पोराकडे त्या आरआरसीची प्रत होती. शिक्क्यासकट. मी बातमी पान एकच्या अँकरला, म्हणजे पानाच्या तळाच्या मोठ्या जागेत, लावली.

संध्याकाळी सातला जाहिरात व्यवस्थापक माझ्या केबिनमध्ये आले, बसले, चहा मागवला. पुढच्या आठवड्यात चेअरमनसाहेबांचा वाढदिवस, दोन पानं रंगीत, शिवाय मोळी पूजनाची अर्ध्या पानाची जुनी उधारी आता निघेल, असं सहज बोलले. मग म्हणाले, ‘‘बातमी झकास आहे. पण कारखान्याची बाजू घेतलीय ना? नसेल तर एक दिवस थांबू. उद्या कुणी म्हणायला नको, एकतर्फी छापलं.’’

बघा, माणूस काय बोलला! पत्रकारितेच्या पुस्तकातलं वाक्य बोलला. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यावर माणूस पाठवला. तिसऱ्या दिवशी दीड पानी खुलासा आला. त्यात एकूण गाळप, आसवनीची क्षमता, सभासदांच्या मुलांची वसतिगृहं आणि ‘काही विघ्नसंतोषी मंडळी’ असं सगळं होतं. थकीत रकमेचा आकडा तेवढा नव्हता. तो खुलासा चार कॉलम, फोटोसह, पान तीनवर लागला. मूळ बातमी ‘होल्ड’च्या फोल्डरमध्ये गेली आणि तिथेच राहिली.

त्या सकाळी एका शेतकऱ्याचा लँडलाइनवर फोन आला. ‘‘खुलासा वाचला साहेब. पण कशाचा खुलासा?’’

मी ‘बघतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

मला कुणी धमकावलं नव्हतं, लाच दिली नव्हती. ‘दोन्ही बाजू घ्या’ हे आमचंच हत्यार आमच्यावर उलटं धरलं आणि मी ते हसत धरू दिलं. म्हणून वस्तुनिष्ठता म्हणजे दोन्ही बाजू, ही वर्गातली व्याख्या तालुक्यात नेऊ नका. कारखाना म्हणतो पैसे दिले, शेतकरी म्हणतो मिळाले नाहीत, अशी बातमी लिहून हात झटकणं फार सोपं. कुणी रागावत नाही, जाहिरातही जात नाही. शेतकऱ्याच्या पासबुकात रक्कम जमा झाली की नाही हे पाहायला दहा मिनिटं लागतात. पासबुक पाहायच्या आधी जी बातमी संपते तिला तटस्थ म्हणतात खरं, मला ती आळशी वाटते.

आता पैशाचं गणित. ते न मांडता नुसतं ‘भांडवलदारांनी माध्यमं विकत घेतली’ म्हणण्यात अर्थ नाही. १६ पानांचा अंक म्हणजे चार पानांचे चार ताव. एक ताव साधारण १७ ग्रॅमचा, म्हणजे अंकाचा कागद झाला ६७-६८ ग्रॅम. न्यूजप्रिंट किलोला ५० रुपये धरा, तर नुसता कागद सव्वातीन-साडेतीन रुपयांचा. अंकाची किंमत पाच रुपये धरा. त्यातले एजंट आणि विक्रेता यांचे ३५ टक्के काढले की कंपनीच्या हाती सव्वातीन. म्हणजे वाचकाच्या पाच रुपयांत कागदाचेही पैसे नीट सुटत नाहीत. शाई, छपाई, गाडी, वीज, पगार, तुमचे ते तीन हजार, हे सगळं जाहिरातीवर. वाचक समजतो की पेपर आपण विकत घेतो. हिशेबाच्या वहीत त्याचं नाव फार खाली असतं.

म्हणून जाहिरात वाईट असं ठरवून मोकळं होता येत नाही. १९६१ साली निकाल लागलेला सकाळ खटला तुम्हाला कायद्याच्या पेपराला असेल. सरकारनं पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड घालणारा आदेश १९६० साली काढला होता. पुण्याच्या ‘सकाळ’नं त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश आणि त्यामागचा १९५६ चा कायदा रद्द केला. त्या वेळी ‘सकाळ’मध्ये सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची होती, अशी नोंद निकालात आहे. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: जाहिरातीची जागा कापली तर किंमत वाढेल, किंमत वाढली तर खप पडेल, आणि खपावर घाला म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला. म्हणजे ज्या जाहिरातीला आपण शिव्या घालतो, तिनंच पेपरला सरकारपुढे ताठ उभं केलं, असंही त्या निकालातून निघतं.

दोन्ही खरं कसं? पुण्या-मुंबईत जाहिरातदार शेकडो असतात. साडीवाला रागावला तर सायकलवाला आहे, आज सिनेमावाला गेला तर उद्या सराफ येतो. कुणा एकाच्या जाण्यानं मशीन थांबत नाही. तुमच्या तालुक्यात जाहिरात देणारे मोजा बरं. साखर कारखाना. दोन-तीन पतसंस्था. एक शिक्षणसंस्था, जिच्या पोटात शाळा, डी.फार्म. आणि नर्सिंग कॉलेज. एखादं मोठं हॉस्पिटल. प्लॉट पाडून विकणारा. आणि वाढदिवसवाले नेते, जे बहुतेक वेळा या वरच्यांपैकीच कुणीतरी असतात. आता तालुक्यातल्या मोठ्या बातम्यांचे विषय मोजा. तीच नावं येतील. जाहिरातदार आणि बातमीचा विषय हे एकच पाच-सहा जण आहेत, आणि त्यांच्याकडे सकाळी बातमीला आणि दुपारी जाहिरातीला जाणारा माणूसही एकच आहे. उद्या तो तुम्ही असाल. तालुक्यातल्या पत्रकारितेचा सगळा पेच एवढ्यात आला.

(सरकारी जाहिरातीही यातच धरा. निविदा, जाहीर नोटिसा, माहिती खात्याच्या यादीवरचं नाव आणि वर्ग यांवर कित्येक छोटी साप्ताहिकं तगून आहेत. सहा जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची आठवण काढून चौथ्या स्तंभावर भाषणं होतात, आणि त्याच दिवशीच्या पुरवणीत पालकमंत्र्यांच्या शुभेच्छा असतात. मीही ती पुरवणी काढलेली आहे.)

या सगळ्याचं टोक काय ते महाराष्ट्रानं २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्यावर आणि सरकारच्या कामगिरीवर पानंच्या पानं मजकूर आला, ‘अशोक पर्व’ नावाखाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत शब्दन्‌शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापला गेला होता. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबलवरच्या जाहिरातींसाठी ६,००० रुपये दाखवले होते. चव्हाणांनी आरोप नाकारला. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. आयोगाला अशा खर्चाची खोलात चौकशी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सांगितलं. आयोगानं जुलैत त्यांच्याविरुद्ध आदेश काढला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पैसे दिल्याचा पुरावा मागाल तर तो मिळायचा कसा? पावती फाडून कुणी पॅकेज, म्हणजे उमेदवाराच्या बातम्यांचा ठरवलेला सौदा, विकत नाही.

त्याच सुमारास प्रेस कौन्सिलनं पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, चौकशी करायला परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांची नावं घेऊन. कौन्सिलनं तो तसाच प्रसिद्ध करायचं टाळलं आणि नावं गाळलेला छोटा मसुदा पुढे केला. मोठा अहवाल लोकांसमोर यायला २०११ साल उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे. म्हणजे विकलेल्या बातम्यांविषयीचा अहवालही आधी दाबूनच पाहिला! त्याच २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल निवडणूक आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. असं पहिल्यांदाच घडलं.

आता निवडणुकीत जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, ती कात्रणं तपासते आणि पेड न्यूज वाटलेल्या मजकुराचा खर्च उमेदवाराच्या नावावर टाकते. उपयोग होतो थोडा. पण पॅकेजवाले शहाणे झाले. पूर्वी आपल्या उमेदवाराची आरती छापायची, आता विरोधकाची सभा छापायची नाही. न छापलेल्या बातमीचं कात्रण कोणती समिती काढणार?

पैशाविषयी एवढं बोललो, पण पैसा हा एकटाच दरवान नाही, हेही मराठी पत्रकारितेच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, रीतसर पैसे देऊन. ‘केसरी’नं ती छापायला नकार दिला, असं बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. धंद्याच्या नियमानं ती जाहिरात लागायला हवी होती. पैसे आले होते, जागा होती. लागली नाही, कारण कुणाचा आवाज पानावर येईल हे पैशाआधी जातीनं ठरवलं होतं. २३ वर्षांनी, १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्याच बाबासाहेबांनी म्हटलं की भारतात पत्रकारिता कधीकाळी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे, आणि साबण बनवण्यात जेवढं नैतिक काम असतं त्याहून जास्त तिच्यात उरलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. तुमच्या तालुक्यातल्या वार्ताहरांची आडनावं एकदा वाचून पाहा, मग या परिच्छेदाचं आजचं काम कळेल.

जुन्या मराठी पत्रांना वस्तुनिष्ठतेचा सोस नव्हता, हेही जाता जाता सांगतो. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मूकनायक’ ही बाजू घेऊन लिहिणारीच पत्रं. पण वाचकाला माहीत असायचं की हा कुठे उभा राहून बोलतोय. आजची तक्रार बाजू घेण्याची नाही. बाजू विकत घेतलेली असते आणि तिच्यावर बातमीचं कातडं पांघरलेलं असतं, ही तक्रार आहे.

यावर मला माझ्या हातून झालेली गोष्ट सांगायलाच हवी. बरीच वर्षं टाळली.

एका पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. जाहिरात विभागानं अर्ध्या पानाचं काम घेतलं, त्यात अट अशी की सोबत अर्धा पान ‘बातमीसारखा मजकूर’. डेस्कवर त्या दिवशी मी होतो. संस्थेचा वार्षिक अहवाल समोर ठेवून चाळीस मिनिटांत मी तो लिहिला. ठेवी किती वाढल्या, ज्येष्ठ नागरिकांना जादा दर कसा, संचालक मंडळ किती अनुभवी. हेडिंगही मीच दिलं. ‘जाहिरात’ हा शब्द कुठे नव्हता. डेटलाइनमध्ये ‘वाणिज्य प्रतिनिधी’ हे दोन शब्द होते. आम्हा पेपरवाल्यांना त्याचा अर्थ कळतो: पैसे घेऊन छापलेला मजकूर. वाचकाला कशाला कळेल?

चार वर्षांनी त्या शाखेचं शटर खाली आलं. त्यानंतर काही दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका ऑफिसात आल्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवपावत्या होत्या, आणि पावत्यांच्या मध्ये नीट घडी घातलेलं आमचं कात्रण. ‘‘तुमच्या पेपरात आलं होतं म्हणून ठेवले,’’ म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त अवघड झालं. मग त्यांनी कात्रण उलगडून विचारलं, ‘‘यात लिहिणाऱ्याचं नाव नाही. कोणी लिहिलं होतं, सांगता का?’’

मी म्हणालो, ‘‘तपासून सांगतो.’’

त्या मजकुरात एकही आकडा खोटा नव्हता, ही यातली गंमत. सगळं अहवालातलंच होतं. जे नव्हतं ते एक वाक्य: बँकेतल्या ठेवीला जसं विम्याचं संरक्षण असतं तसं पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि संस्थेला लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळालाय, अ की क, हे त्याच तालुक्यात सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण ते काम बातमीचं नव्हतंच, जाहिरातीचं होतं. आणि मी ते बातमीच्या हातानं करत होतो. प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात की जाहिरात ही जाहिरात म्हणून स्पष्ट ओळखू आली पाहिजे. आम्ही त्या निकषांची प्रत काचेखाली ठेवायचो.

तेव्हापासून वस्तुनिष्ठतेची माझी कसोटी एवढीच राहिली: या मजकुरातून असं कोणतं वाक्य गाळलंय, जे वाचकाला कळलं असतं तर त्यानं वेगळं काही केलं असतं? त्या वाक्याच्या आड जो उभा असतो तोच आपला खरा मालक. माझ्या मनात पूर्वग्रह आहेत, तुमच्याही असतील, ते धुऊन कोरं होऊन लिहिता येत नाही. कागद पाहण्याची शिस्त मात्र लावून घेता येते, आणि त्या शिस्तीला मनाच्या निर्मळपणाची गरज नसते.

आता कामाचं बोलतो.

बातमी कागदावर उभी करा. आरआरसीची प्रत, लेखापरीक्षण अहवाल, ग्रामपंचायतीचा ठराव, माहिती अधिकारातलं उत्तर. ‘असं समजतं’वर उभी बातमी पाडायला डेस्कला कारण लागत नाही, शिक्क्याच्या कागदावर उभी असेल तर पाडणाऱ्याला काहीतरी बोलावं लागतं, आणि तो काय बोलला हे तुम्हाला कळतं. समोरच्याची बाजू बातमी पाठवण्याच्या आधी लेखी मागा, ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, उत्तरासाठी ठरावीक वेळ देऊन. त्याचा स्क्रीनशॉट बातमीसोबतच डेस्कला पाठवा. ‘बाजू घेतली का’ या प्रश्नावर मी जसा गार पडलो तशा तुम्ही पडणार नाही. आणि बातमी तुमच्याच जाहिरातदाराची असेल तर पाठवताना वरच्याला एका ओळीत कळवा की याच्याकडून अमुक महिन्यात मी जाहिरात आणली आहे. लाज वाटेल, कळवा तरी. हे लिहून ठेवणाऱ्या वार्ताहराची बातमी अडवताना मी स्वतः दोनदा विचार करायचो.

एक वही ठेवा. लागलेल्या बातम्या कात्रणात असतातच. वहीत न लागलेल्या लिहा, तारखेसह, आणि कोण काय म्हणालं तेही. त्याहून अवघड नोंद म्हणजे तुम्ही स्वतःच पाठवल्या नाहीत त्या. दोन-तीन वर्षांत माणूस इतका तयार होतो की कारखान्याची बातमी त्याला सुचतच नाही. त्याला कुणी अडवत नाही, अडवण्याची वेळच येत नाही. नर्सिंग कॉलेजच्या फीची तक्रार घेऊन पोरी येतात आणि आपण म्हणतो, ‘यात बातमी काय आहे?’ तो प्रश्न खरा असतो की पुरवणी जवळ आलेली असते, हे वही चाळल्याशिवाय कळत नाही.

पत्रकार परिषदेतली पाकिटं, भेटवस्तू, यावर तुम्हाला काही सांगायला नको.

डिजिटलमुळे सुटका होईल असं तुम्ही लिहिलंय. कागदाचा खर्च वाचतो, एवढं खरं. बाकी तुमच्या तालुक्यात यूट्यूबवर चालणारी चॅनेलं असतील, त्यांतली दोन तरी प्रामाणिक असतील. पण उद्घाटनाचं लाइव्ह करायचे पैसे त्यांना कोण देतं ते विचारा. पुन्हा तेच पाच-सहा जण. शिवाय पेज व्ह्यूचं टार्गेट वेगळं, ज्यात एफआरपीच्या बातमीला शंभर माणसं आणि बिबट्याच्या व्हिडिओला लाख. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत मी स्वतः ‘पाहा नेमकं काय घडलं’ असली हेडिंगं दिली आहेत. वाचकांच्या वर्गणीवर चालणारी काही इंग्रजी-हिंदी पोर्टलं तगली आहेत. तालुक्याच्या बातमीला वर्गणी देणारा वाचक अजून तयार व्हायचाय, आणि तो आपोआप तयार होणार नाही.

आणि सगळाच दबाव जाहिरातीचा नसतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरी प्रकल्पाबद्दल लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. तेही तुमच्या-माझ्यासारखे तालुक्याचे पत्रकार. एकटीनं हिरोगिरी करू नका. धोक्याचा कागद हाती आला तर तो त्याच दिवशी आणखी दोन पेपरच्या वार्ताहरांना द्या. एक्स्क्लुझिव्ह गेली तर गेली.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. काम घ्या. पण आधी दोन गोष्टी बोलून घ्या आणि लेखी मागा. पहिली, जाहिरातीचं टार्गेट तुमच्या नावावर नको. तालुक्यात एखादी जाहिरात एजन्सी असतेच, तिच्या नावावर टाका आणि कमिशन तिलाच घेऊ द्या. कंपनी नाही म्हणण्याची शक्यता मोठी आहे. मग शेजारच्या तालुक्यातली जाहिरात मी आणते आणि तिथल्या वार्ताहरानं माझ्या तालुक्यातली आणावी, असं सुचवा. ऐकायला वेडगळ वाटतं, पण आमच्या आवृत्तीत आम्ही एक दिवाळी असं करून पाहिलं होतं. जाहिरात नेहमीपेक्षा थोडी कमी आली, आणि त्या महिन्यात दोन पतसंस्थांच्या बातम्या लागल्या. पुढच्या वर्षी वरून नकार आला. दुसरी गोष्ट, नियुक्तीपत्रात तुम्हाला काय म्हटलंय ते नीट वाचा. ओळखपत्रावर ‘वार्ताहर’ आणि करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असा प्रकार सर्रास चालतो. श्रमिक पत्रकार कायदा १९५५ चा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली; मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये लागू झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. आणि हे सगळं तालुका प्रतिनिधीच्या दारापर्यंत येऊ नये यासाठीच करारातले ते दोन शब्द असतात.

तीन हजारांत तुमचं पेट्रोलही सुटणार नाही. ज्याचं पोट फक्त कमिशनवर आहे त्याला मी वर सांगितलेलं काहीच जमत नाही, म्हणून दुसरं उत्पन्न आधी ठरवा. शिकवण्या घ्या, अनुवाद करा, घरची शेती असेल तर ती बघा. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी जो सगळ्यात जास्त टिकला त्यानं तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलंय. जाहिरात मागायला तो कुणाकडे जात नाही. अर्ज-तक्रारींच्या प्रती काढायला लोक त्याच्याकडे येतात आणि काउंटरवर कागद उलटा फिरवून म्हणतात, ‘‘हे जरा वाचून बघता का?’’